ट्रेकचे फोटो सगळ्यांपर्यंत पोचवायचे कसे : हंप्ता पासला केलेली माती आणि हर की दूनला बसवलेली घडी

मनालीहून दिल्लीला येणाऱ्या व्होल्वोत आमच्या १४ जणांपैकी प्रत्येकाने प्रत्येकाला एकदा तरी सांगितलं असेल, "फोटो पाठव हां!" आणि प्रत्येकाने "हो हो, घरी गेलं की लगेच" असंही म्हटलं. हंप्ता पासचा ट्रेक होता, जोब्रा, चिका, बालू का घेरा, मग तो साधारण १४ हजार फुटांवरचा पास म्हणजे खिंड, पलीकडे उतरून शिया गोरू, छत्रू आणि शेवटी गाडीने चंद्रताल. महिन्याभराने हिशोब काय, तर व्हॉट्सॲप ग्रूपवर हजाराच्या वर फोटो, त्यातले निम्मे त्याच त्या पिवळ्या तंबूंचे, मधे मधे गुड मॉर्निंगची फुलं, कुणाच्या तरी पुतण्याचं लग्न, आणि मला हवा असलेला एकच फोटो, पासवर मी दोन्ही हात वर करून उभी आहे तो, कुठेच नाही. ज्या दादाने तो काढला होता त्याने नवीन फोन घेतला, जुना मुलाला दिला, मुलाने गेमसाठी जागा हवी म्हणून फॉरमॅट मारला. विषय संपला.

तेव्हा डोक्यात शिरलं की ट्रेकला गेल्यावर आपले स्वतःचे फोटो आपल्याकडे नसतातच, ते दुसऱ्याच्या फोनमध्ये असतात. आपल्या फोनमध्ये काय, तर इतरांचे फोटो आणि डोंगर. म्हणजे ही सरळ सरळ उधारी आहे, १४ जणांची एकमेकांकडे, आणि उधारी जितकी जुनी होते तितकी ती मागायची लाज वाटते आणि मग बुडते. दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उत्तराखंडातल्या हर की दूनला गेलो, थोडे जुने थोडे नवे मिळून ११ जण, तेव्हा मी आधीच जाहीर केलं की या वेळी फोटोंचं खातं माझ्याकडे. त्यातून जे काही जमलं आणि जे फसलं ते इथे क्रमाने लिहितेय. कुठल्याही हिमालयातल्या ट्रेकला चालेल, आणि खरं तर आपल्या सह्याद्रीतल्या दोन दिवसांच्या ट्रेकलाही, फक्त तिथे एवढा खटाटोप कुणी करत नाही.

निघायच्या आधी : फोटोमंत्री नेमा आणि अल्बम उघडून ठेवा

ट्रेकला लीडर असतो, हिशोब ठेवणारा असतो, औषधांचा डबा सांभाळणारा असतो, तसा फोटोंचाही एक माणूस हवा. एकच. दोघं नेमले की दोघंही "मला वाटलं तू करतोयस" म्हणतात. हा माणूस उत्तम फोटोग्राफर असायची गरज नाही, उलट नसलेलाच बरा, कारण फोटोग्राफर लोक स्वतःचे ८०० फोटो एडिट होईपर्यंत काहीच देत नाहीत आणि त्यांचं एडिटिंग पुढच्या ट्रेकपर्यंत संपत नाही. चिकाटीचा आणि थोडा भांडकुदळ माणूस निवडा.

मंत्र्याने निघायच्या आधीच्या आठवड्यात करायची कामं अशी. गूगल फोटोजमध्ये शेअर्ड अल्बम उघडायचा, सगळ्यांना त्यात घ्यायचं आणि प्रत्येकाला एक एक चाचणी फोटो टाकायला लावायचा, सॅक भरतानाचा टाका, काहीही टाका. हे आधी का, तर परत आल्यावर अर्ध्या लोकांना कळतं की आपला पासवर्डच आठवत नाहीये, किंवा आपली १५ जीबी जागा केव्हाच भरलीय. ती १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिन्ही मिळून असते, आणि ती ओसंडली की नवीन ईमेलही यायच्या थांबतात, म्हणजे फोटो राहिले बाजूला, ऑफिसचा मेल चुकला म्हणून बोंब. अनलिमिटेड फुकट ठेवायची सोय जून २०२१ पासून बंद झालीय हे अजूनही खूप जणांना माहीत नाही.

फोनमधली जागाही आधीच मोकळी करून घ्या. आमच्यातल्या एकाचा फोन दुसऱ्याच दिवशी "स्टोरेज फुल" म्हणायला लागला आणि तो बाबा ओस्ला गावासमोर बसून दोन वर्षांपूर्वीचे बिलांचे फोटो डिलीट मारत होता, समोर डोंगरावर ऊन उतरतंय आणि हा विजेचं बिल बघतोय.

आयफोनवाल्यांसाठी एक, फोटो एचईआयसी प्रकारात सेव्ह होतात, ते जुन्या लॅपटॉपवर किंवा फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर कधी कधी उघडतच नाहीत, त्यामुळे सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे मोस्ट कम्पॅटिबल करून टाका. जागा थोडी जास्त खाईल, पण पुढची डोकेदुखी वाचते.

आणि एक विषय जो कुणी काढत नाही, तो आधीच काढा, कुणाचे फोटो बाहेर टाकलेले चालणार नाहीत. आमच्यात एक ताई ऑफिसात आजारपणाची रजा टाकून आली होती (असो!), आणि एका काकूंना फोटो काढलेला चालतो पण फेसबुकवर नको असतो. आधी विचारलं की सोपं असतं, टाकल्यावर "काढ तो" म्हणायची वेळ आली की ट्रेकची मजा कडू होते.

घड्याळं जुळवा, हे विसरलात तर पुढे रडाल

हे मला हंप्ताच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला जेवण दिलं असतं. फोन नेटवर्कवरून वेळ घेतात त्यामुळे त्यांचं ठीक असतं, पण कॅमेऱ्याचं घड्याळ आपण हाताने लावलेलं असतं, आणि बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की काही कॅमेरे कुठल्या तरी जुन्याच तारखेला जाऊन बसतात. आमच्या हंप्ताच्या एका कॅमेऱ्याची वेळ सव्वापाच तास पुढे होती. परिणाम असा की सगळे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले तर पासवर पोचायच्या आधीच आम्ही शिया गोरूच्या नदीत उभे, मग परत पासवर, मग जेवण, मग परत नदी.

उपाय दोन मिनिटांचा आहे. बेस कॅम्पला सगळे जमले की एका फोनवर सेकंदासकट दिसणारं घड्याळ उघडा आणि प्रत्येकाने आपापल्या फोनने, कॅमेऱ्याने, गोप्रोने त्या घड्याळाचा एक फोटो काढा. बस. नंतर घरी कळतं की या कॅमेऱ्याने फोटोवर नोंदवलेली वेळ अमुक आणि फोटोत दिसणारी खरी वेळ तमुक, म्हणजे फरक इतका. तो फरक गूगल फोटोजमध्ये कॉम्प्युटरवर उघडून एकदम शेकडो फोटो सिलेक्ट करून सरकवता येतो, तारीख-वेळ बदलायच्या ऑप्शनमध्ये शिफ्ट असतं ते वापरायचं, सगळ्यांना एकच वेळ देणारं नाही, नाहीतर अख्खा ट्रेक सकाळी १० वाजून १० मिनिटांनी झालेला दिसेल. नेपाळात ट्रेकला जाणाऱ्यांनी तर हे हटकून करा, नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, काहींचे फोन तिकडची वेळ घेतात आणि कॅमेरे आपलीच धरून बसतात.

ट्रेकवर : रोजचं पहिलं पान

हर की दूनला आम्ही एक छोटी पाटी नेली होती, लहान मुलांची असते ती, खडूची. रोज सकाळी निघताना त्यावर तारीख, आज कुठून कुठे आणि कितवा दिवस एवढं लिहायचं आणि जो कोणी जवळ असेल त्याच्या हातात देऊन सगळ्यांनी त्याचा फोटो काढायचा. पहिल्या दिवशी लोक हसले, पोलिसांच्या रेकॉर्डसाठी फोटो काढतोय असं वाटतं म्हणाले. पण नंतर प्रत्येकाच्या गॅलरीत तो पाटीचा फोटो दिसला की दिवस बदलला हे कळतं, लोकेशन नसलं तरी, वेळ चुकली तरी. पाटी नसेल तर डायरीचं पान चालेल. सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू कुठली विचाराल तर मी पाटीच सांगेन, महागाचा ट्रायपॉड सॅकमधून बाहेरच आला नाही.

लोकेशन चालू ठेवा. फोन फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएस चालतं, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि सांक्रीच्या, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो त्या गावाच्या, पुढे नेटवर्क शोधत बसणारा फोन नुसती बॅटरी खातो. बॅटरी थंडीत लवकर उतरते, लिथियम बॅटरीचा तो स्वभावच आहे, म्हणून रात्री फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळं स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचं. सकाळी २० टक्के दाखवत बंद पडलेला फोन खिशात थोडा गरम झाला की बऱ्याचदा परत सुरू होतो, तेव्हा लगेच रडू नका. कॅमेरा मात्र बाहेरच्या गारठ्यातून एकदम गरम किचन टेंटमध्ये आणून उघडू नका, लेन्सवर बाष्प धरतं, तो बॅगेतच थोडा वेळ राहू द्या.

आता फोटो कशाचे. डोंगराचे फोटो सगळेच काढतात आणि स्वर्गारोहिणीचा तुम्ही काढलेला आणि शेजारच्याने काढलेला यात घरच्यांना काडीचा फरक कळत नाही. नंतर जे शोधले जातात आणि सापडत नाहीत ते वेगळेच असतात. तंबूच्या आतला पसारा. सकाळी सातला सुजलेली तोंडं आणि हातात चहाचे मग. खेचरांवर सामान बांधताना. चार जण एका बुटाची लेस सोडवतायत. किचन टेंटमध्ये त्या उंचीवर गरम भजी तळणारा माणूस, ज्याच्याकडे आपण फक्त ताट घेऊन जातो. आणि प्रत्येक माणसाचा एकट्याचा, चेहरा दिसणारा, गॉगल न लावलेला एक तरी फोटो. हे मंत्र्याने मोजायचं. आमच्याकडे हंप्ताला जो माणूस सगळ्यांचे फोटो काढत होता त्याचाच एकही धड फोटो नव्हता, त्याच्या बायकोने नंतर विचारलं की हे खरंच आले होते ना?

कुणी मधूनच परत फिरलं तर त्याचंही बघा. हंप्ताला बालू का घेरावर एका काकांना उंचीचा त्रास व्हायला लागला, डोकं दुखणं, उलटी, मग लीडरने त्यांना गाइडसोबत खाली पाठवलं आणि ते योग्यच केलं. पण नंतरच्या ग्रूपवरच्या सगळ्या फोटोंमध्ये ते काका तिथून पुढे नाहीतच, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की त्यांना ते रोज बघावं लागतंय. काकांनी महिन्याभराने ग्रूप सोडला, कुणाला काही बोलले नाहीत. आता आमचा नियम आहे, परत जाणाऱ्यानेही फोटो काढायचे, त्याचा उतरतीचा प्रवास, मनालीतला मुक्काम, सगळं त्याच अल्बममध्ये येणार.

रात्रीची दहा मिनिटं

आठवणी म्हणजे नुसते फोटो नाहीत हे बोलायला सोपं, पण डायरी लिहा म्हटलं की पहिल्या दिवशी चार पानं, दुसऱ्या दिवशी चार ओळी, तिसऱ्या दिवशी बोटं गारठलेली. त्यापेक्षा रात्री जेवणानंतर डायनिंग टेंटमध्ये एक फोन मधे ठेवायचा, आवाज रेकॉर्ड करायचा, आणि प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची. एकच. "खूप छान होतं, मजा आली" याला बंदी. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे वाऱ्याने तंबू फडफडतोय, कुणीतरी सूप सुरकन पितंय, आणि एक ५८ वर्षांच्या काकू सांगतायत की त्या लाकडी पुलावर आल्या तेव्हा त्यांना त्यांच्या सासरचा कोकणातला साकव आठवला, नवीन लग्न झाल्यावर त्यावरून जायला भीती वाटायची ती. हे कुठल्या फोटोत येणार होतं? १० मिनिटांचं रेकॉर्डिंग काही मोजक्या एमबीचं असतं, व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. फाइलला लगेच दिवसाचं नाव द्या, नाहीतर नंतर रेकॉर्डिंग १७, रेकॉर्डिंग १८ असं बघत बसाल.

याच वेळी अजून एक काम. गाइड, स्वयंपाकी, हेल्पर, खेचरवाले यांची नावं नीट विचारून लिहून घ्या, गाव, पिन कोड, आणि टपाल नक्की कुठे पोचतं ते, कारण वरच्या गावात टपाल पोचायला वेळ लागतो आणि बरेच जण खालच्या गावातल्या नातेवाइकाच्या दुकानाचा पत्ता देतात. "भैया" एवढ्या नावावर पाकीट जात नाही.

परतीचा प्रवास हा सोन्यासारखा वेळ

सांक्री ते डेहराडून अख्खा दिवस जातो. सगळे एका गाडीत, सगळ्यांचे फोन चार्ज होतायत, आणि कुणी पळून जाऊ शकत नाही. इथेच वसुली करा. अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर आणि आयफोनमध्ये एअरड्रॉप, दोन्हींना इंटरनेट लागत नाही, फोन जवळ असले की झालं, आणि मूळ क्वालिटी जशीच्या तशी जाते. आयफोनवरून अँड्रॉइडवर द्यायचं असलं की बऱ्याच फोनवर गाडी अडते, त्यासाठी दोन्हीकडे लागेल असा पेन ड्राइव्ह आणि एक कार्ड रीडर सोबत ठेवा. मी १२८ जीबीचा नेला होता. एक भानगड झाली, तो एफएटी३२ या जुन्या प्रकारात फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, एकाचा लांबलचक टाइमलॅप्स अडकला. घरूनच एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून नेला असता तर प्रश्न नव्हता.

गाडी लागणाऱ्या लोकांना मात्र घाटात स्क्रीन बघायला लावू नका. आमच्याकडे एक बळी गेला त्यात. मोरी गाव येईपर्यंत तो काही बोलला नाही, मग गाडी थांबवायला लागली.

घरी आल्यावर : १५ दिवस, त्याच्या पुढे नाही

तारीख जाहीर करा. "सवडीने टाका" म्हणजे कधीच नाही. आम्ही पुढच्या दुसऱ्या रविवारी रात्री १० अशी मुदत ठेवली आणि त्या रविवारी दुपारपर्यंत ११ पैकी ४ जणांचेच आले होते, मग मी फोन करायला बसले. भांडकुदळ माणूस लागतो म्हटलं ना, ते यासाठी.

व्हॉट्सॲपवर का नको हे समजून घ्या, म्हणजे समोरच्याला पटवता येतं. साध्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲप तो नेहमीच्या पद्धतीने पाठवताना साधारण १६०० पिक्सेलपर्यंत दाबतं, आणि वर त्यातली काढल्याची वेळ आणि लोकेशनही काढून टाकतं, म्हणजे आपण पाटी, घड्याळ वगैरे जे सगळं केलं ते पाण्यात, सगळे फोटो ज्या दिवशी डाउनलोड झाले त्या तारखेला जाऊन बसतात. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचं बटण आलंय, ते थोडं बरं, पण मूळ फोटो नाहीच. अगदी नाइलाज असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग तो जसाच्या तसा जातो, वेळेसकट.

शेअर्ड अल्बमचे चार नियम सगळ्यांना पाठ करायला लावा. बॅकअपची क्वालिटी ओरिजिनल ठेवली तर उत्तम, जागा नसेल तर स्टोरेज सेव्हर चालेल, तो १६ मेगापिक्सेलच्या वरचे फोटो आणि १०८० पीच्या वरचे व्हिडिओ लहान करतो, बाकी छपाईला फार फरक पडत नाही. जो फोटो टाकतो त्याच्या खात्यातली जागा खर्च होते, बघणाऱ्याची नाही, पण बघणाऱ्याने तो स्वतःकडे सेव्ह केला की मग त्याचीही होते. ज्याने फोटो टाकला त्याने तो आपल्या फोटोजमधून डिलीट मारला की अल्बममधूनही जातो. आणि कुणी रागावून अल्बम सोडला तर त्याने टाकलेले सगळे फोटो त्याच्याबरोबर जातात. म्हणून अल्बम हे गोळा करायचं पातेलं समजा, तिजोरी नाही, मुदत संपली की मंत्र्याने सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं.

वेळेचा अंदाज पण असू द्या. घरचं वायफाय अपलोडला खरोखर २० एमबीपीएस देत असेल तर १० जीबी जायला तासाभराच्या वर लागतो, मोबाइल डेटावर तर विचारूच नका. रात्री चार्जिंगला लावून, स्क्रीन बंद होणार नाही असं बघून ठेवा. आणि ज्यांना हे जमणारच नाही, आमच्या काकू म्हणाल्या "मला ते क्लाऊड-बिऊड काय कळत नाही गं", त्यांच्या घरी सरळ केबल घेऊन जा. चहा-पोहे मिळतात आणि त्यांच्या फोनमध्ये जे सापडतं ते दुसऱ्या कुणाकडेच नसतं. काकूंनी रोज सगळ्यांच्या नकळत, झोपलेल्यांचे, खाणाऱ्यांचे, भांडणाऱ्यांचे फोटो काढले होते. अल्बममधले माझे सगळ्यात आवडते फोटो काकूंचे आहेत, थोडे हललेले, एकात त्यांचं बोट आलंय.

निवड, म्हणजे खरी मेहनत

११ जणांचे मिळून ४,३०० च्या आसपास फोटो झाले. एवढे कुणीही बघत नाही, ज्याने काढले तोही नाही.

मी तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत फक्त कचरा, खिशात दाबला गेलेला कॅमेरा, डोळे मिटलेले, एकाच वेळी सात जणांनी काढलेल्या ग्रूप फोटोतले सहा. दुसऱ्या फेरीत दिवसाप्रमाणे फोल्डर, पाटीच्या फोटोवरून, आणि त्यातले बरे बरे वेगळे, ते सहाशे झाले. तिसऱ्या फेरीत दीडशे. तिसरी फेरी एकटीने करू नका, ग्रूपमधल्या अजून एकाला घ्या, कारण आपल्याला आपलेच फोटो चांगले वाटतात आणि समोरच्याचा चेहरा कसाही आला तरी मागचा डोंगर छान आला म्हणून आपण तो ठेवतो.

दीडशेमध्ये एक कोटा ठेवा, कुणाचेही पाचपेक्षा कमी फोटो नकोत. आणि प्रत्येकाला एक व्हेटो, "हा माझा फोटो नको" म्हटलं की कारण न विचारता बाहेर. मूळ ४,३०० मात्र टाकून देऊ नका, ते डिस्कवर राहू देत, आज जो कचरा वाटतो त्यात कधी कुणाचा तरी शेवटचा चांगला फोटो निघतो.

फोटोखाली काय लिहायचं हे एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर उरकलं, मी स्क्रीन शेअर केली आणि सगळे ओरडत होते. कोण, कुठे, आणि काय चाललंय, एवढंच. "निसर्गाच्या कुशीत" असलं काही नको. जागेची नावं खात्री करून घाला, आमच्यात एकाच कॅम्पची तीन स्पेलिंगं निघाली, शेवटी गाइडलाच फोन लावला. हे महिन्याच्या आत करा, कारण दोन महिन्यांनी हा पूल गंगाड गावाच्या आधीचा की नंतरचा यावर पैजा लागतात.

एकत्र बसून बघणं

कुणाच्या तरी घरी, मोठा टीव्ही, मिसळ किंवा पावभाजी, आणि फोटो. दीडशे फोटो प्रत्येकी ६ सेकंद म्हणजे १५ मिनिटं, प्रत्यक्षात दीड तास लागतो कारण प्रत्येक फोटोला कुणीतरी "थांब थांब" म्हणतं, आणि लागू दे. पेन ड्राइव्हवरून चालवा, इंटरनेटवरून नको, ऐनवेळी ते गोल गोल फिरत बसतं. टीव्हीला फाइलची नावं कळतात, तारखा कळतीलच असं नाही, म्हणून नावाच्या पुढे ००१, ००२ असे आकडे टाका. व्हिडिओ २० सेकंदांच्या वर नको, आणि वर गाणं लावू नका, गाणं लावलं की लोक बोलायचे थांबतात. त्याऐवजी आम्ही मधे मधे रात्रीची रेकॉर्डिंग्ज लावली. साकवाची गोष्ट लागली तेव्हा काकू स्वतःचाच आवाज ऐकून लाजल्या.

छापणं आणि वर पाठवणं

छपाईचं गणित सोपं आहे, एका इंचाला ३०० पिक्सेल. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो तिथे कसाबसा भागतो, पण ए४ आकाराला साधारण २४८० बाय ३५०८ लागतात आणि तिथे तो फुटतो. फोटोबुक करायचं असेल तर मूळ फाइलच हवी.

आम्ही फोटोबुक तीनच केली, हवी त्यांनी पैसे भरून घेतली. पण ४ बाय ६ चे प्रिंट मात्र गाइड आणि किचनच्या टीमसाठी प्रत्येकी दहा-बारा काढले, त्यांचे स्वतःचे, चेहरा दिसणारे, एकट्याचे आणि टीमचे. त्यांच्या फोनमध्ये वर्षभर आपल्यासारख्यांचे फोटो येतात, त्यांचा स्वतःचा कुणी काढत नाही, काढला तरी पाठवत नाही, आणि "भेज देंगे भैया" हे वाक्य त्यांनी प्रत्येक बॅचकडून ऐकलेलं असतं. मागे पेन्सिलने तारीख आणि जागा लिहा, मधे पुठ्ठा घाला, स्पीड पोस्ट करा, आणि पाकिटावर फोन नंबर घालायला विसरू नका, डोंगरात पोस्टमन फोन करूनच माणूस शोधतो. आमचं पाकीट पोचलं की नाही हे बरेच दिवस कळलं नाही, मग एक दिवस स्वयंपाकी भाऊंच्या व्हॉट्सॲप डीपीवर तो भजी तळतानाचा फोटो दिसला, प्रिंटवरून मोबाइलने परत काढलेला, कोपऱ्यात अंगठा.

बाहेर टाकताना

व्हेटो झालेले सोडून बाकीचे टाका, पण थोडं बघून. गावातल्या लहान मुलांचे जवळून काढलेले फोटो आईबापांना न विचारता नकोत, आपल्या मुलांचे असे कुणी टाकले तर आपण काय म्हणू. सीमेजवळच्या भागात पूल, चेकपोस्ट, लष्कराच्या गाड्या यांचे फोटो काढायला मनाई असल्याच्या पाट्या असतात, काढायचेच नाहीत म्हणजे टाकायचा प्रश्न नाही. अल्बमची लिंक ज्याच्याकडे जाईल त्याला सगळं दिसतं, म्हणून गोळा करून झालं की लिंक शेअरिंग बंद करा आणि बाहेरच्यांना दाखवायला दीडशेचा वेगळा अल्बम ठेवा.

शेवटी डिस्क

दोन एक्स्टर्नल डिस्क, एक माझ्याकडे, एक ग्रूपमधल्या दुसऱ्याच्या घरी, वेगळ्या शहरात असली तर अजून चांगलं. माझी ठाण्याला आहे, दुसरी पुण्याला. त्यात मूळ सगळे फोटो, निवडलेले दीडशे, रेकॉर्डिंग्ज, आणि एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात ट्रेकची तारीख, सगळ्यांची नावं आणि कॅम्पची यादी. डिस्कवर मार्करने ट्रेकचं नाव आणि साल लिहा, नाहीतर घरात कुणीतरी त्यावर सिरियल भरून ठेवतं. वर्षातून एकदा लावून उघडतेय ना ते बघा, मी दिवाळीची साफसफाई करताना बघते. यंदा पुण्याची डिस्क उघडली नाही म्हणून फोन आला, आता ठाण्याची कॉपी करून नवीन पाठवायचीय, आणि त्या निमित्ताने हंप्ताच्या दादाच्या मुलाला परत एकदा विचारणार आहे की त्या जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड होतं का.